पासवर्डची मुदत कोणाची, कधी संपते?

प्रश्न : आमच्या कार्यालयाच्या नेटवर्कवर सुमारे ४०० वापरकर्ते असून त्यांची खाती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोजच्या सामायिक खाते-नोंदवहीत आहेत. पासवर्डची मुदत ९० दिवसांची आहे. कोणाचा पासवर्ड केव्हा संपणार याची यादी आधीच हाती असावी, म्हणून मी खात्यांचे गुणधर्म तपासले. पण मुदतीची तारीख कोठेही सापडली नाही. ती नेमकी कोठे साठवलेली असते?

उत्तर : ती साठवलेलीच नसते. खात्यावर नोंद असते ती पासवर्ड शेवटचा कधी बदलला याची. त्या वेळेत धोरणातील कमाल मुदत मिळवून सर्व्हर दर वेळी उत्तर काढून देतो. याचा एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपण उद्या मुदत ९० दिवसांवरून ६० वर आणली, तर ज्यांनी पासवर्ड बदलून ६० दिवस उलटले आहेत, त्या सर्वांची मुदत धोरण लागू होताच संपलेली असेल, आणि त्यांपैकी कोणालाही आगाऊ सूचना मिळालेली नसेल. म्हणून धोरणाला हात लावण्यापूर्वी ही यादी काढणे अगत्याचे आहे.

एकट्यादुकट्या वापरकर्त्यापुरते पाहायचे असेल, तर कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूजर’ ही आज्ञा, पुढे खात्याचे नाव आणि ‘डोमेन’ हा पर्याय, एवढे पुरते. सर्वांची यादी हवी असल्यास पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-साधनातील ‘गेट-एडीयूजर’ ही आज्ञा वापरावी. शेवटच्या बदलाच्या तारखेत स्वतः ९० दिवस मिळवणाऱ्या स्क्रिप्ट सर्रास आढळतात; त्या मी टाळायला सांगेन. विंडोज सर्व्हर २००८ पासून एकाच डोमेनमध्ये (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या खात्यांच्या व संगणकांच्या समूहात) निरनिराळ्या गटांना निरनिराळी मुदत लावता येते, आणि प्रशासकांच्या खात्यांना वेगळा नियम असेल तर अशी बेरीज नेमकी तेथेच चुकते. त्याऐवजी ‘एमएसडीएस-यूजर-पासवर्ड-एक्सपायरी-टाइम-कम्प्यूटेड’ हा लांबलचक नावाचा गुणधर्म मागावा, कारण त्या खात्याला प्रत्यक्षात लागू होणारे धोरण विचारात घेऊन सर्व्हरने स्वतः काढलेली वेळ त्यात मिळते. हा गुणधर्म आपण होऊन दिसत नाही, आज्ञेत त्याचे नाव द्यावे लागते. शिवाय तो मागणीनुसार तयार होत असल्याने एलडीएपीच्या, म्हणजे डिरेक्टरीला माहिती विचारण्याच्या पद्धतीच्या, शोधात गाळणी (निवडीची अट) म्हणून चालत नाही. आधी चालू असलेली सर्व खाती आणावीत आणि पुढील १४ दिवसांत संपणारी त्यांतून नंतर निवडावीत.

उत्तर येते ते १ जानेवारी १६०१ पासून मोजलेल्या, सेकंदाच्या एक कोटीव्या भागांच्या संख्येत. पॉवरशेलमधील ‘फ्रॉम-फाइल-टाइम’ तिची तारीख करून देते, परंतु दोन किमती आधीच बाजूला काढाव्या लागतात. किंमत शून्य असेल, तर बहुधा त्या वापरकर्त्याने पुढच्या लॉगइनला पासवर्ड बदलायचा आहे. हे न तपासल्यास यादीत १६०१ सालची तारीख उमटते. दुसरी ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ही एकोणीस अंकी संख्या म्हणजे मुदत कधीच संपत नाही, आणि तिचे तारखेत रूपांतर करू गेल्यास स्क्रिप्ट त्रुटी दाखवते.

ही दुसऱ्या प्रकारची खाती स्क्रिप्टमधून नुसती गाळून टाकू नयेत, त्यांची वेगळी यादी करावी. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातून हाती लागणारी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. सेवांसाठी उघडलेली जुनी खाती आणि कधीतरी तात्पुरती म्हणून सूट दिलेली खाती तेथेच सापडतात.

विंडोज स्वतःहून मुदतीपूर्वी ५ दिवस सूचना दाखवू लागते, आणि हा कालावधी गट-धोरणातून (ग्रुप पॉलिसी) वाढवता येतो. मात्र बाहेरून व्हीपीएनने काम करणाऱ्याचे लॉगइन डोमेन कंट्रोलरशी (खाती तपासणाऱ्या सर्व्हरशी) संपर्क होण्यापूर्वीच पार पडत असेल, तर त्याला ती दिसेलच असे नाही. त्याच्यासाठी ईमेल हवाच. त्या ईमेलमध्ये दुवा देऊ नये, पासवर्ड कसा बदलावा हे शब्दांत सांगावे. ‘आपला पासवर्ड संपत आहे, येथे क्लिक करा’ ही फसव्या ईमेलची ठरलेली भाषा आहे आणि आपणच लोकांना तिची सवय लावणे बरे नव्हे.

प्रश्न : आमचे काही सर्व्हर लिनक्सवर आहेत. तेथेही असेच चालते का?

उत्तर : नाही. तेथील स्थानिक खात्यांची मुदत प्रत्येक खात्याच्या नावापुढे ‘शॅडो’ फाइलमध्ये लिहिलेली असते. ‘चेज’ या आज्ञेला ‘एल’ हा पर्याय आणि खात्याचे नाव दिले, की शेवटच्या बदलाची व मुदतीची तारीख वाचता येते. दुसऱ्याचे खाते पाहण्यासाठी रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागतात. ‘लॉगइन-डेफ्स’ फाइलमध्ये कमाल मुदत बदलली, तरी तो बदल त्यानंतर उघडलेल्या खात्यांनाच लागू होतो, त्यामुळे आधीच्या खात्यांची मुदत ‘चेज’नेच एकेक करून किंवा छोट्या स्क्रिप्टने बदलावी लागते.