कारखान्यातला मूळ रंग शोधताना: पाटी, पत्र आणि पत्रा

आपण लिहिले आहे की, साठच्या दशकातल्या आपल्या गाडीवर कारखान्याने रिव्हेटने बसवलेल्या माहितीच्या पाटीवरील रंगाचा संकेत हिरवा निघतो, दाराच्या रबराखाली निळा रंग दिसतो, आणि कंपनीच्या अभिलेख विभागाचे, म्हणजे जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागाचे, पत्र मात्र पांढरा रंग सांगते. त्यातच रंगारी जुना रंग काढून सगळा पत्रा उघडा करण्याची घाई करत आहे. याच पेचात मी बराच काळ अडकलो होतो, म्हणून उत्तर लांबणार आहे. पाटी कुठे असते, चेसिस नंबर कसा वाचावा हे आपल्याला ठाऊक आहे असे धरतो. रंगाऱ्याला मात्र आजच थांबवा, कारण पत्रा उघडा झाला की विचारण्यासारखे कोणी उरत नाही.

माझे सर्वांत जास्त नुकसान अशाच एका पत्राने केले. माझ्या गाडीच्या कारखान्यात बॉडी एका विभागात तयार होऊन रंगत असे आणि तिला स्वतःचा अनुक्रमांक मिळत असे. चेसिस नंबरची मालिका निराळी होती. मी दोन्ही क्रमांक कळवले होते. अभिलेख विभागातल्या कर्मचाऱ्याने बॉडीचा क्रमांक चेसिसच्या नोंदवहीत शोधला आणि दुसऱ्याच गाडीची नोंद उतरवून, शिक्का मारून मला पाठवली. पत्रातला इंजिन नंबर माझ्या इंजिनाशी जुळत नव्हता, हे मी दाखवून दिले. त्यावर उत्तर आले की एकदा दिलेले प्रमाणपत्र बदलता येत नाही. हवे असल्यास नव्याने अर्ज करून पुन्हा शुल्क भरावे, आणि छायाचित्रे पाहण्याची या विभागाची पद्धत नाही. पुढे प्रदर्शनातल्या परीक्षकांनी, विम्याच्या मूल्यमापकाने आणि चौकशीला आलेल्या प्रत्येक ग्राहकाने गाडीकडे पाहण्याआधी ते पत्र वाचले. समोरच्या पत्र्यावर मूळ रंग ढळढळीत दिसत असताना शिक्क्याच्या कागदापुढे तो खोटा ठरत होता, याचा संताप आजही जात नाही.

सगळेच विभाग असे असतात असे माझे म्हणणे नाही. काही ठिकाणी फार काळजीने काम होते, आणि खास मागणीवरून दिलेल्या रंगाचा पुरावा कधी कधी केवळ त्यांच्याच वहीत सापडतो. क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या पाटीवर अशा रंगासाठी ९९९ हा संकेत असे, म्हणजे पाटी स्वतः रंग सांगतच नाही. तेव्हा आपल्या पत्रातला इंजिन नंबर आणि गाडी कारखान्यातून निघाल्याची तारीख आधी ताडून पाहा. त्या जुळल्या नाहीत तर पांढऱ्या रंगाचा विचार सोडून द्या. पुन्हा लिहिताना चेसिस, इंजिन आणि बॉडी असे तीन क्रमांक वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकाचे नाव देऊन लिहा.

पाटीचा हिरवा रंग कोणत्या वर्षाच्या तक्त्यावरून काढला, हेही तपासा. फोर्ड मस्टँगवर ‘एच’ हे अक्षर १९६५ साली कॅस्पियन ब्लू या निळ्या रंगासाठी होते आणि १९६६ साली सहारा बेज या फिकट तपकिरी रंगासाठी. चुकीच्या वर्षाचा तक्ता घेतला की गाडी उगाच संशयित ठरते. पाटी बदलली असण्याचाही संभव असतो, म्हणून तिचे रिव्हेट निरखून पाहा. पाटी काढू मात्र नका. अनेक देशांत तो गुन्हा आहे.

आता पत्र्याकडे. दाराचे रबर काढणे सोपे असते, त्यामुळे त्याखालच्या निळ्या रंगावर मी एवढ्यात विश्वास ठेवणार नाही. ग्लोव्हबॉक्सच्या मागचा डॅशबोर्डचा पत्रा, हीटरच्या पेटीखालची जागा आणि दाराच्या पोकळीची आतली बाजू इथे पाहा. गाडी पूर्ण खोलल्याशिवाय नंतरचा रंगारी तिथे पोहोचत नाही. उन्हापासून वाचलेली छटाही तिथेच मिळते.

त्यानंतर आडबाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, आधी १००० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने हळूहळू घासा. घासताना पाणी वापरलेच पाहिजे, कारण जुन्या रंगांत शिसे असते आणि त्याची कोरडी धूळ घातक असते. मधोमध पत्रा उघडा पडेल आणि त्याभोवती थरांची वर्तुळे दिसतील. दहापट भिंगातून प्रत्येक सीमारेषा पाहा. ज्या थराच्या वरच्या बाजूला घासल्याचे तिरके ओरखडे आहेत आणि त्यावर पुन्हा प्रायमर आहे, तो थर पुढच्या रंगकामाच्या आधीचा असतो. कारखान्याच्या प्रायमरवर थेट बसलेला रंग तोच मूळ, असे मी मानतो. त्याच रंगाचा दुसरा थर निघाला तरी घाबरू नये, कारण गाडी बाहेर पडण्याआधी कारखान्यातही डागडुजी होत असे.

जाडी मोजणाऱ्या यंत्राचे आकडे मदत करतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा बराच वर गेला तर वर दुसरा रंग किंवा लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) असू शकते. परंतु छत आणि मागच्या खांबाच्या सांध्यावर अनेक कारखाने शिशाचा डाख भरत, आणि तिथे यंत्र लांबीसारखाच मोठा आकडा दाखवते. मूळ सांधा लांबीचा समजून खरवडणारे लोक मी पाहिले आहेत. थिनरच्या बोळ्याची परीक्षाही एकाच बाजूने उपयोगी आहे: रंग विरघळला तर तो लॅकर, म्हणजे थिनरने पुन्हा विरघळणारा रंग, आहे एवढेच कळते, आणि नंतरच्या वर्कशॉपांतही लॅकर मारत. साठच्या दशकातल्या साध्या, धातूची चमक नसलेल्या रंगावर पारदर्शक थर निघाला, तर मात्र तो रंग नंतरचा आहे.

कारखान्यात केलेल्या खुणांबद्दल एवढेच की, फायरवॉलवरचे (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरचे) खडूचे आकडे, तपासनिसाचे शिक्के आणि स्प्रिंगवरचे रंगाचे पट्टे यांची छायाचित्रे गाडी धुण्याआधी काढा. ग्रीस काढणारे द्रावण त्यांना क्षणात पुसते. पुस्तकात पाहून पुन्हा काढलेल्या खुणा मला आवडत नाहीत, आणि सगळ्याच खुणा टवटवीत असलेली गाडी मी संशयानेच पाहतो. हे माझे मत आहे, नियम नव्हे.

ग्लोव्हबॉक्समागे प्रायमरवर थेट निळा निघाला आणि हिरवा कुठेच सापडला नाही, तर तक्ता व पाटी पुन्हा तपासा. निळ्याखाली हिरवा निघाला, तर पाटी खरी बोलते आहे. घासलेली जागा रंगवून टाकू नका. तिथे मेणाचा पातळ थर द्या, म्हणजे परीक्षकाला पत्राच्या शेजारी पत्राही दाखवता येईल.