वाचकांचे प्रश्न : विधेयक आणि ग्रंथपाल

प्रश्न : विधेयकाची बातमी वाचून आम्ही ग्रंथालयातर्फे सूचना पाठवायचे ठरवतो, तोवर ते मंजूरही झालेले असते. चुकते कुठे?

उत्तर : बातमीची वाट पाहता, तिथेच. प्रेस व नियतकालिके नोंदणी विधेयक राज्यसभेत 1 ऑगस्ट 2023 ला मांडले गेले आणि 3 ऑगस्टला मंजूरही झाले. लोकसभेची मंजुरी 21 डिसेंबरला, राष्ट्रपतींची संमती 28 डिसेंबरला, अंमल 1 मार्च 2024 पासून. याच्याशी ग्रंथालयांचा काय संबंध, असे अनेकांना वाटले. पण नव्या कायद्याने ज्याची जागा घेतली, तो 1867 चा जुना कायदा पुस्तकांनाही लागू होता. नव्या पुस्तकाच्या प्रती राज्य सरकारकडे द्यायच्या आणि त्यांची तिमाही सूची राजपत्रात छापायची, अशी त्यात तरतूद होती. नव्या कायद्यातून पुस्तके वगळली गेली. वगळलेली गोष्ट नुसता नवा मसुदा वाचून लक्षात येत नाही. जुना कायदा शेजारी ठेवूनच वाचावे लागते.

(प्रकाशकाने 30 दिवसांत राष्ट्रीय ग्रंथालयाला व इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचा 1954 चा कायदा वेगळा, तो कायम आहे. प्रत न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. धाक किती, हे उघडच आहे.)

प्रेस व नियतकालिके विधेयकावर बोलायची खरी वेळ होती नोव्हेंबर 2019. तेव्हा केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मसुदा जाहीर करून महिनाभरात मते मागवली होती. मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्राचे 2014 चे धोरण आहे. ते पाळले जातेच असे नाही, म्हणून संबंधित मंत्रालयाचे संकेतस्थळ आठवड्यातून एकदा तरी उघडावे. विधेयक सभागृहाच्या समितीकडे गेले तर दुसरी संधी मिळते. महाराष्ट्राचे विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि मसुद्यात बदलही झाले.

सूचना लिहिताना खंड (म्हणजे विधेयकातले कलम) क्रमांक, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर आणि ग्रंथालयातले एक उदाहरण द्यावे. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेल्या पत्रातून समितीच्या हाती काही लागत नाही. एकच मजकूर पन्नास ग्रंथालयांच्या शिक्क्यांनिशी पाठवला, तरी मुद्दा एकच राहतो.

प्रश्न : राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणजे कायदा लागू झाला ना?

उत्तर : दरवेळी नाही. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याला 11 ऑगस्ट 2023 ला संमती मिळाली, नियम मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे 18 महिन्यांची मुदत आहे. त्यात 18 वर्षांखालील सभासदाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कागदी नोंदवही या कायद्याबाहेर आहे. तीच नावे संगणकात भरली की कायद्यात आली. बालविभागाचा सभासद अर्ज आत्ताच तपासून घ्या.

प्रश्न : अनुदानाचे नियमही विधेयकानेच बदलतात का?

उत्तर : नाही. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम हा सांगाडा. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग आणि अनुदानाचा तपशील त्याखालच्या नियमांत व शासन निर्णयांत असतो. 2022 मधली 60 टक्के अनुदानवाढ मंत्रिमंडळाच्या निर्णयाने झाली, त्यासाठी विधेयक लागले नाही. त्यामुळे अधिवेशनापेक्षा उच्च व तंत्र शिक्षण विभागाचे शासन निर्णय बारकाईने पाहा.