वाचकांचे प्रश्न : करवली, पाठराखीण आणि चर्चमधले लग्न

प्रश्न : माझी कॉलेजपासूनची मैत्रीण ख्रिस्ती असून फेब्रुवारीत तिचे लग्न शरणपूर रोड परिसरातील चर्चमध्ये होणार आहे. तिने मला ब्राइड्समेड होण्याची गळ घातली आणि मी आनंदाने होकार दिला. आता मात्र धास्ती वाटते. आमच्या घरातील कोणी चर्चमधल्या लग्नाला पाहुणे म्हणूनही गेलेले नाही. तेथे मी नेमके काय करायचे आणि मी हिंदू असल्याने काही अडचण येईल का? शिवाय आम्हा चौघींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकसारखे गाऊन आणि गंगापूर धरणाजवळच्या वाइनरीत एक रात्र मुक्काम असा बेत शिजतो आहे. माझ्या वाट्याला १८,००० रुपये येतील. सातपूरच्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम करते. हा खर्च मला झेपणारा नाही. नाही म्हटले तर मैत्रीण दुखावेल का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ज्या कामाची तुम्हाला धास्ती वाटते, ते तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात; फक्त त्याचे नाव येथे निराळे आहे. आपल्याकडे मंगलाष्टके चालू असताना करा आणि दिवा घेऊन मागे उभी राहते ती करवली, आणि लग्नानंतर नवरीच्या सोबतीला तिच्या सासरी जाते ती पाठराखीण. ब्राइड्समेडला या दोघींची कामे थोडीथोडी करावी लागतात. फोटोत दिसते ते करवलीपण. कामाचा भार मात्र बहुतेक पाठराखिणीचा असतो.

प्रथम चर्चमधील भागाविषयी. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवली, त्यामुळे नाशिकला मराठी ख्रिस्ती लग्ने काही नवी नाहीत आणि अनेक ठिकाणी विधी मराठीतच होतो. तुम्हाला शब्द न् शब्द समजेल. ब्राइड्समेडनी नवरीच्या पुढे चालायचे की मागे, याचा मात्र एकच नियम नाही. इंग्लंडच्या जुन्या रिवाजात त्या मागून येतात, अमेरिकेत पुढे चालतात, आणि आपल्याकडे चित्रपट पाहून दोन्हींची सरमिसळ झालेली आढळते. म्हणून आदल्या दिवशी सराव असेल तर तो चुकवू नका आणि सराव ठेवलेला नसेल तर मैत्रिणीमार्फत पाळकांना किंवा फादरना विचारून घ्या. वेदीपाशी पोहोचल्यावर नवरीचा गुच्छ आपल्या हाती घेणे हे तुमचे पहिले काम, कारण वचने देताना आणि अंगठी घालताना तिचे दोन्ही हात मोकळे असावे लागतात. विधी संपून ती परत फिरण्यापूर्वी गुच्छ आठवणीने तिच्या हाती द्यायचा असतो. मधल्या वेळात तो ओढणीच्या टोकासारखा चाळवत बसू नये. पाकळ्या वेदीच्या पायऱ्यांवर गळतात आणि व्हिडिओत नेमके तेच दिसते.

धर्माचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार विधीला धर्मगुरूंखेरीज किमान दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदार ख्रिस्तीच असावा अशी अट कायद्यात नाही. त्यामुळे नोंदवहीत सही करण्याचा मानही तुमच्याकडे येऊ शकतो; तसे ठरल्यास पर्समध्ये चालणारे पेन ठेवा. प्रार्थनेच्या वेळी सगळे उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे. प्रभुभोजन किंवा कॅथलिक चर्चमधील परमप्रसाद, म्हणजे विधीत दिली जाणारी भाकर व द्राक्षारस, मात्र घेऊ नये. तेवढा वेळ जागेवर शांत बसून राहण्यात कोणाचाही अवमान होत नाही. टिकली काढावी का, असे विचारणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. मैत्रिणीने तुम्हाला टिकलीसकट बोलावले आहे.

वेळेचा प्रश्न मात्र गांभीर्याने घ्या. याच कायद्याप्रमाणे लग्न सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच लागावे लागते. चारची वेळ दिली असेल तर ती चारचीच समजावी. लॉन्सवरच्या आपल्या लग्नांतली ‘थोडं मागेपुढे’ ही सवय तेथे चालत नाही. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी लग्ने उरकून घेण्याकडे कल असल्याने फेब्रुवारीत चर्चच्या तारखा गच्च असतात आणि तुमच्यानंतर दुसरे लग्न असण्याचा संभव असतो. तारीख महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारची असेल तर त्याच दिवसांत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, हे मुंबईहून रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांना आधी कळवा; स्टेशनवरून रिक्षा मिळणे त्या दिवशी सोपे नसते. गाड्या, पाहुणे आणि फोन या गोष्टी नवरीपर्यंत पोहोचूच न देणे हे पाठराखिणीचे काम.

पिशवीत काय असावे, याची यादी तुम्हाला इंटरनेटवर कुठेही मिळेल. मी दोनच गोष्टी सांगेन : पांढऱ्या दोऱ्याने ओवून ठेवलेली सुई आणि भरपूर सेफ्टी पिना. तुमची मैत्रीण पांढरी साडी नेसणार असेल तर अंबाड्यात खोचलेला वेल, म्हणजे डोक्यावरची जाळीची ओढणी, आणि खांद्यावरचा पदर एकमेकांना ओढतात. मान वळवली की एक सुटतो. हे मागे उभ्या असलेल्या बाईलाच दिसते. मी स्वतः मावसबहिणीच्या लग्नात करवली होते तेव्हा मंगलाष्टके चालू असताना माझे लक्ष फोटोग्राफरकडे होते. तेवढ्यात तिची मुंडावळी घसरून डाव्या डोळ्यावर आली आणि अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने नवरदेवाला एका डोळ्याने पाहिले. तो फोटो अजून घरात आहे, आणि त्यात मागे हसऱ्या चेहऱ्याने भलतीकडे पाहणारी मीही आहे.

आता पैशांविषयी, कारण तुमच्या पत्राचा खरा भार तेथेच आहे असे मला वाटते. एकसारखे गाऊन ही कोणत्याही चर्चची अट नाही. शिवाय इंग्रजी रिवाजात ब्राइड्समेडच्या कपड्यांचा खर्च परंपरेने वधूपक्ष करतो. तो ज्याचा त्याने करायचा ही पद्धत अमेरिकेतील. आपल्याकडे तर करवलीलाच साडी देऊन तिचा मान करतात. म्हणजे तुमच्यावर आलेले ओझे ना येथल्या रीतीतले आहे, ना तेथल्या सगळ्या रीतींतले. ग्रुपवर लिहू नका. तेथे एकीचा नकार चौघींचा वाद होतो. मैत्रिणीला एकटीला भेटा आणि आकडा स्पष्ट सांगा : ‘मी इतके खर्च करू शकते, याहून अधिक नाही, पण लग्नाआधीचे दोन दिवस रजा टाकून पूर्णवेळ तुझ्याजवळ राहीन.’ सबबी सांगू नयेत, त्या पुढे निस्तराव्या लागतात. पर्यायही सुचवा. चौघींनी एकाच रंगाच्या, आपापल्या कपाटातील साड्या नेसाव्यात. वाइनरीतील रात्रीऐवजी रविवारी सकाळी शहराबाहेरच्या मळ्यात मिसळ खायला जावे. नाशिककरांना दुसरा पर्याय कमी प्रतीचा वाटेल असे मला मुळीच वाटत नाही. हे बोलणे मात्र या आठवड्यातच व्हावे. कापड फाडून झाल्यावर दिलेला नकार खरोखरच दुखावतो.

प्रश्न : धाकट्या बहिणीचे लग्न ठरले असून करवली मीच व्हावे असा तिचा हट्ट आहे. माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. घरातील काही वडीलधाऱ्यांनी करा दुसरीच्या हाती द्यावा असे सुचवले आहे. मी मागे सरावे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. करा तुम्हीच घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे परिपत्रक राज्य शासनाने काढले. एका गावाला जे जमले ते एका मांडवाला जमू नये असे नाही. मात्र वडीलधाऱ्यांशी वाद तुम्ही घालू नका. ‘माझी करवली ताईच’ हे तुमच्या बहिणीने स्वतः सांगावे, गुरुजींच्या कानावर आईने आधीच घालावे, आणि विषय हळदीपूर्वी मिटवावा, म्हणजे ऐन मांडवात कुजबुज होणार नाही. करा निवडताना नारळ नीट बसेल अशा तोंडाचा आणि फार मोठा नसलेला निवडा. मंगलाष्टके म्हणण्याची हौस असलेले नातेवाईक तुमच्याकडे पुष्कळ असतील तर तो भरलेला करा बराच वेळ धरून उभे राहावे लागेल.