सायकिअ‍ॅट्रिक नर्स प्रॅक्टिशनरकडे पहिल्यांदा जायचंय, तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमधल्या तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी झोप उडाल्यामुळे आणि सतत रडू येतं म्हणून तुम्हाला पुढे पाठवलं, पण पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली ती डॉक्टरची नाही, 'नर्स'ची. ती गोळ्या देऊ शकते का, काय काय विचारेल, आणि हे नवऱ्याच्या कंपनीपर्यंत किंवा ग्रीन कार्डाच्या फायलीपर्यंत जाईल का, असे तुमचे प्रश्न आहेत. मी डॅलसजवळ राहते आणि अशाच एका बाईंकडे चार वर्षं जातेय. मी पेशंट आहे, तेव्हा पेशंटच्या खुर्चीतून जे दिसलं तेच सांगते.

आधी 'नर्स' या शब्दाचं बघू. आपल्या डोळ्यांपुढे सलाइन लावणारी सिस्टर येते. माझ्याही आली होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अपमानच वाटला होता. एवढा जीव मुठीत धरून गेले आणि साधा डॉक्टरही नाही? पण इथे हे पद वेगळं आहे. रजिस्टर्ड नर्स झाल्यावर मानसिक आजारांच्या उपचारात मास्टर्स किंवा डॉक्टरेट आणि त्यावर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, एवढं झाल्यावर नावामागे 'पीएमएचएनपी' (मानसिक आजारांची नर्स प्रॅक्टिशनर) हे शेपूट लागतं. त्या निदान करतात आणि गोळ्याही लिहून देतात. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला, तोही लहान मुलांसाठी डॉक्टर पुरे पडत नव्हते म्हणून. सायकिअ‍ॅट्रिस्ट तर इथे आजही पुरे पडत नाहीत. वॉशिंग्टन, ऑरेगनसारख्या राज्यांत या बाया पूर्ण स्वतंत्रपणे काम करतात. टेक्सासमध्ये डॉक्टरशी लेखी करार असावा लागतो, म्हणजे कागदावर एक डॉक्टर असतो, जो तुम्हाला बहुधा कधीच दिसणार नाही. एक मर्यादा मात्र माहीत असू द्या. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या आजारासाठी, अ‍ॅडरॉलसारखं औषध लागलं, तर टेक्सासमध्ये हॉस्पिटलबाहेरच्या क्लिनिकमध्ये बसून त्या ते लिहून देऊ शकत नाहीत.

पहिली भेट साधारण तासाभराची असते, नंतरच्या वीस-तीस मिनिटांच्या. आधी घरूनच फॉर्म भरून घेतात. त्यात उदासीचे नऊ प्रश्न आणि चिंतेचे सात असतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. नवव्या प्रश्नावर माझा हात अडला होता. 'मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का?' वाटलं, इथे खूण केली की दारात पोलीस येतील. तसं होत नाही. त्यावर त्या आणखी चार प्रश्न विचारतात. नुसता विचार येतो की काही ठरवलंय? घरात बंदूक आहे का? गोळ्यांचा साठा आहे का? बहुतेक वेळा मग 'रात्री असं वाटलं तर कोणाला फोन करायचा' हे लिहून घेण्यावर भागतं. दवाखान्यात दाखल करण्याची वेळ येते ती जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा. आणि गुरुवारपर्यंतच तसं काही वाटलं तर आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीचा ९८८ हा मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आता मला खरं जे सांगायचंय ते.

त्यांनी विचारलं, 'कधी असे काही दिवस गेले का, की झोप तीन तासच पण थकवा नाही, डोकं भन्नाट चालतंय, खर्च वाढलाय?' मी म्हटलं, नाही. 'घरात कोणाला मानसिक आजार?' मी म्हटलं, नाही. दोन्ही उत्तरं मी इतक्या सफाईने दिली की मलाच ती खरी वाटली.

माझा एक मामा 'येरवड्याला' होता. पुण्याकडच्या लोकांना कळेल, येरवड्याला तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. आम्हा मुलांना कोणी धड सांगितलं नाही, त्यामुळे मी बरीच वर्षं असं समजत होते की मामाने काहीतरी चोरी केली होती. मोठेपणी कळलं, पण तोवर 'घरातलं बाहेर बोलायचं नाही' हे अंगात मुरलं होतं. आमच्या घरात मामा 'जरा तापट' होता, एवढंच.

मग मला सर्ट्रालिन ही उदासीवरची गोळी सुरू झाली, आधी २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. पहिले काही दिवस मळमळ झाली, डोकं दुखलं, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, हेही सांगितलं होतं. मला तिसऱ्याच आठवड्यात आला, आणि इतका आला की रात्री दोनला मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून पुसत होते. दिवाळी तीन महिने लांब होती आणि मी फराळाची चाळीस पाकिटं द्यायची ऑर्डर अंगावर घेतली होती. मला वाटत होतं, मी बरी झाले. नवरा घाबरला आणि त्याने क्लिनिकला फोन केला.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं, गोळी थांबवली आणि तेच दोन प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी मी मामाचं सांगितलं. मुळात बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अतिउत्साह असा आजार, असेल आणि नुसती उदासीची गोळी दिली तर माणूस असा उलट्या टोकाला जाऊ शकतो, म्हणून तर ते दोन प्रश्न पहिल्या दिवशी विचारतात. मला ते 'फॉर्म भरायचे म्हणून' वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'आता कळलं ना, पुरे.'

पुढे मला लॅमोट्रिजिन दिलं, लिथियमसारखंच बायपोलरवरचं औषध. ते फार सावकाश चढवतात, दोन आठवडे २५, मग दोन आठवडे ५०. घाई केली तर अंगावर जिवावर बेतणारं पुरळ येऊ शकतं. त्या वेळी त्यांनी विचारलं, गर्भनिरोधक गोळ्या घेता का. मी संकोचून 'का?' म्हटलं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिन रक्तात कमी पडतं, हे कारण. अशा बऱ्याच प्रश्नांना अशी साधी कारणं असतात. विचारलंत तर सांगतात.

रक्ततपासणी बहुतेक करायला लावतील. थायरॉइड बिघडला की उदास वाटतंच, आणि आपण शाकाहारी मंडळी, आपलं बी-१२ कमी निघणं तर नेहमीचंच. भारतातून आणलेलं जे काही घेत असाल ते बाटलीसकट घेऊन जा. अश्वगंधासुद्धा. 'ते काय औषध थोडंच आहे' असं म्हणू नका. त्यांच्या दृष्टीने आहे.

नवऱ्याला आत न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. माझं मत, पहिला अर्धा तास एकट्या बसा. इंग्रजीची अडचण असेल तर आधी फोन करून दुभाषा मागा, मराठी फोनवर मिळतो. नवऱ्याला दुभाषा करू नका, कितीही चांगला असला तरी.

गुप्ततेचं म्हणाल तर कंपनीला कोणी कळवत नाही. कायद्याने तुमच्या परवानगीशिवाय त्या नवऱ्याशीही बोलू शकत नाहीत, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. एक मेख मात्र आहे. इन्शुरन्स त्याच्या नावावर असेल तर कोणाकडे गेलात आणि किती बिल झालं याचा कागद त्याच्या नावाने घरी येतो. ते नको असेल तर तो वेगळ्या पत्त्यावर मागवता येईल का, हे इन्शुरन्सवाल्यांना विचारा. ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये मानसिक आजाराचं विचारतात हे खरं. पण तिथे अडतं ते आजारासोबत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं वागणं असेल तर. नुसत्या उदासीसाठी गोळ्या घेतल्या म्हणून सहसा कार्ड थांबत नाही. तसा काही प्रसंग घडलेला असेल तर मात्र वकिलाशी बोला.

पैशांचं एकच, अपॉइंटमेंट घेताना 'इन-नेटवर्क आहात का' (म्हणजे आपल्या इन्शुरन्सच्या यादीत आहात का) आणि 'न आल्यास किती लावता' हे दोन्ही विचारून ठेवा.

आणि हो, भेटीनंतर त्यांनी लिहिलेली नोंद क्लिनिकच्या ऑनलाइन पोर्टलवर तुम्हाला दिसते. माझ्यात लिहिलं होतं, 'पोशाख नीटनेटका, नजरेला नजर देते, सहकार्य करते.' मुलगी बघायला आल्यासारखं वाटलं. पण ते मनःस्थितीच्या तपासणीचं ठरलेलं साचेबंद लिखाण आहे, मनाला लावून घेऊ नका.

गुरुवारला अजून अवधी आहे. तुमच्या शनिवारी रात्री तिकडे रविवारची सकाळ असते, तेव्हा आईला किंवा मावशीला फोन करा आणि सरळ विचारा, आपल्याकडे कोणाला काय झालं होतं, कोणती गोळी चालू होती, तिने बरं वाटलं का. एखादी गोळी जवळच्या नातेवाइकाला लागू पडली होती हे कळलं तर इथे त्याचा उपयोग होतो. मी विचारलं तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाली, 'लिथियम. सकाळी एक, रात्री दोन. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला मीच घेऊन जायचे त्याला.'