सूर्यास्तापूर्वीचं जेवण, माद्रिदमध्ये

प्रश्न : मुलगा दोन वर्षांपासून माद्रिदला नोकरीला आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी, हे आणि सासूबाई त्याच्याकडे पंधरा दिवस राहायला चाललोय. तिथे म्हणे रात्री साडेनऊ-दहाशिवाय कुणी जेवत नाही. मुलाच्या शेजाऱ्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं ठरवलंय, तेही साडेनऊला. आम्ही जैन. सासूबाई सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. कांदा-बटाटा चालतो, अंडं मात्र नाही. नाही म्हटलं तर शेजारी दुखावतील का? आणि इतक्या उशिरा जेवून या लोकांना पचतं तरी कसं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, आमंत्रण आनंदाने घ्या. सासूबाईंचा नेम मोडायचा नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माद्रिदला सूर्य मावळतो तो पावणेदहाच्याही नंतर! साडेनऊला तिथे चांगलं ऊन असतं, समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर पिवळंधमक. फक्त मुलाकरवी एवढा निरोप द्या, की आजींचा नेम आहे, आपण पावणेनऊला बसू या. बऱ्याच ठिकाणी रात्रीचं स्वयंपाकघर साडेआठला सुरू होतं. त्याआधी गेलात तर टेबल मिळेल, पण गरम जेवण मिळेलच असं नाही. नेम म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस न खाणाऱ्या आज्या त्यांच्याही घरी आहेत.

मी माद्रिदला नऊ वर्षं राहिले, लावापिएस भागात, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या आठवड्यात मीही आठला वरण-भात खाऊन दिवा मालवत असे. चौथ्या दिवशी समोरच्या दारातल्या आजींनी बेल वाजवली. तब्येत बरी नाही का, इतक्या लवकर अंधार का, असं त्यांनी विचारलं. मग मला हाताला धरून खालच्या चौकात घेऊन गेल्या. पावणेअकरा वाजले होते. चौकात लहान मुलं चेंडू खेळत होती, बाबागाडीत तान्ही झोपली होती, बाकांवर बायका सूर्यफुलाच्या बिया सोलत गप्पा मारत होत्या. आजींनी माझ्या ओंजळीत मूठभर बिया ओतल्या आणि शेजारी जागा करून दिली. स्पेनचं रात्रीचं जेवण मला त्या बाकावर समजलं, आणि तेव्हा तर आम्ही जेवतही नव्हतो.

आता घड्याळाची गोष्ट. माद्रिद हे लंडनच्या ग्रिनिचपेक्षाही पश्चिमेला आहे. म्हणजे खरं तर तिथे लंडनचीच वेळ हवी. पण १९४०च्या मार्चमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे सरकवून मध्य युरोपच्या वेळेला नेली, आणि ती पुन्हा कधी मागे आली नाहीत. उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे जातात. त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमाराला. आपल्या आसामात याच्या बरोबर उलट होतं. तिथे सूर्य घड्याळाच्या पुढे धावतो, म्हणून चहाच्या मळ्यांमध्ये आजही एक तास पुढची 'बागान वेळ' चालते. स्पेनमध्ये लोक अडीचला जेवतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने जेमतेम माध्यान्ह टळलेली असते. रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याच हिशेबाने सव्वासात. तुमच्या सासूबाई आणि माद्रिदची आजी एकाच सूर्याला धरून जेवतात, हे मला फार सुंदर वाटतं.

सगळं मात्र घड्याळावर ढकलता येणार नाही. स्पेनच्या यादवी युद्धानंतरच्या हलाखीत अनेक घरांत कर्ता माणूस दोन-दोन नोकऱ्या करत असे, एक सकाळची आणि एक संध्याकाळची, मधे घरी येऊन जेवण. दोन तुकड्यांतला हा दिवस पुढेही टिकला. आजही पुष्कळ दुकानं दोनला बंद होऊन पाचला उघडतात आणि साडेआठपर्यंत चालतात. दुकानदार घरी पोचणार कधी आणि जेवणार कधी? आणि लोक दुपारभर झोपतात हेही खरं नाही. माझ्या ओळखीतलं कुणी रोज झोपत नव्हतं. झोप कमी पडते, ही तक्रार मी तिथे कायम ऐकली. २०१३मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने लंडनची वेळ परत आणावी अशी शिफारस केली होती. २०२४मध्ये कामगारमंत्री योलांदा दियास यांनी उपाहारगृहं रात्री एकपर्यंत उघडी राहतात यावर उघड टीका केली आणि देशभर वाद पेटला. दमलेल्या आचाऱ्यांची आणि वाढप्यांची बाजू मला त्यात पटते.

पचनाचं म्हणाल, तर त्यांचं भरपेट जेवण दुपारचं, अडीच-तीनला. कामाच्या दिवशी 'मेनू देल दिया' घेतात : आधी एक पदार्थ, मग दुसरा, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी. मग सहाच्या सुमाराला 'मेरिएंदा', म्हणजे मुलांचं मधल्या वेळचं खाणं. रात्री घरी असले तर वाटीभर गार सूप, कोशिंबीर, ऑम्लेटचा तुकडा. बाहेर असले तर तापास, म्हणजे मधे ठेवलेल्या चार लहान थाळ्या, प्रत्येकाने त्यातून घास-दोन घास उचलायचे. मग थाळ्या रिकाम्या झाल्या तरी कुणी उठत नाही. या नुसत्या बसण्याला 'सोब्रेमेसा' असं स्वतंत्र नाव आहे. वाढपी बिल आणून ठेवत नाही, कारण ते 'उठा आता' म्हटल्यासारखं होईल. बिल मागावं लागतं. पावणेदहाला सासूबाई हात धुतील, पाणीही बंद करतील, तरी त्यांना टेबलावरून उठवू नका. न खाता नुसतं बसलेल्या माणसामुळे तिथे कुणालाच अवघडल्यासारखं वाटत नाही.

सासूबाईंसाठी काय मागवावं हे नीट सांगते, कारण इथे फसगत होते. 'मांस नको' एवढंच म्हणालात तर सॅलडवर ट्युना मासा आणि उकडलेलं अंडं येऊ शकतं. 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून, सिन उएवो' असं चारही नावं घेऊन सांगा : मांस नको, हॅम नको, ट्युना नको, अंडं नको. प्रसिद्ध 'तोर्तिया' बटाट्याची असली तरी अंड्यातली, ती बाद. टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव, मीठ भुरभुरलेल्या तळलेल्या 'पाद्रोन' मिरच्या (एखादीच तिखट निघते), गार गास्पाचो (टोमॅटोचं सूप), आणि मिळाला तर पालक-छोले. हा दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिया शहराचा पदार्थ, त्यात जिरं असतं, सासूबाईंना घरचं वाटेल. पालक-छोल्यांत मासा घातलाय का, तेवढं विचारा. गास्पाचोवर अंड्याचे तुकडे पेरतात, ते आधीच नको म्हणा.

खेड्यात जायला मिळालं तर जरूर जा. उन्हाळ्यात रात्री बायका घरातल्या खुर्च्या दाराबाहेर मांडून बसतात, याला 'आ ला फ्रेस्का' म्हणतात, गारव्याला बसणं. कादिस प्रांतातल्या आल्गार गावाने २०२१मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत या बसण्याला जागा मिळावी म्हणून खटपट सुरू केली. सासूबाईंना अशा एखाद्या खुर्चीवर बसवा. भाषा येत नसली तरी चालेल.

प्रश्न : मी स्पेनमध्ये सालामांकाला एम.ए. करते. सहा महिने झाले, वर्गातल्या एकाही मुलीने मला घरी बोलावलं नाही. निरोप येतात ते रात्री दहानंतर, चौकात ये म्हणून. मी दारू घेत नाही, म्हणून जात नाही. त्यांना मी नकोशी आहे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, बोलावतायत की! आपल्याकडे जवळीक घरी चहाला बोलावण्यात दिसते, तिथे ती 'केदामोस?' म्हणजे 'भेटायचं?' या एका शब्दात दिसते. तिशीपर्यंत बरीच मुलं आईवडिलांकडेच राहतात, घरं लहान असतात. बैठकीची खोली म्हणजे चौकच. ज्याला टाळायचं असतं त्याला दहा वाजता निरोप कोण पाठवेल?

दारूची काळजी नको. 'मोस्तो' माग, तो द्राक्षाचा रस, त्याबरोबर कुणी भुवई उंचावत नाही. पैशाचं एक ध्यानात ठेव : बरेच गट 'बोते' काढतात, म्हणजे प्रत्येकाने पाच-दहा युरो एकत्र टाकायचे आणि त्यातून सगळ्यांचं भागवायचं. तो निघाला की आपला वाटा पटकन टाक, हिशेब करत बसू नकोस. निघताना 'येते' म्हटल्यावर आणखी अर्धा तास जातो, तो धरूनच घरी परतायची वेळ ठरव.

तुमच्या प्लासा मायोरमध्ये, म्हणजे मुख्य चौकात, सगळे एकमेकांना घड्याळाखाली भेटायला बोलावतात, हे एव्हाना तुला कळलंच असेल. सहा महिने तू निरोपांची वाट बघितलीस. आज तूच पाठव : साडेदहाला घड्याळाखाली आहे.