मोत्याला तिच्याजवळ राहू दे

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. तुमच्या तीन गाढवांतली म्हातारी बायजा चार दिवस उठलेली नाही, डॉक्टरांनीही आता फार आशा धरू नका म्हणून सांगितलं, आणि मोत्या तिच्या उशाशी उभा आहे तो हलत नाही. तू विचारलं आहेस, "काका, मोत्याला आणि काळीला आत्ताच मागच्या वाड्यात नेऊन बांधू का? निदान त्यांना बघावं तरी लागणार नाही."

नको बांधूस. बाकी काही चुकलं तरी चालेल, पण एवढं चुकवू नकोस.

मी हे एकदा चुकवलंय. आमच्या घरी आव्यासाठी, म्हणजे भट्टीसाठी, माती आणि जळण वाहणारी दोन गाढवं होती, तांबडी आणि गेंद्या. तांबडी पोटशुळाने एका रात्रीत गेली. वडील परगावी होते. माणसं जमायच्या आत उरकावं आणि गेंद्याला दिसू नये, म्हणून उजाडायच्या आधीच चौघांनी तिला गाडीत घालून नेलं. सकाळी गेंद्याने तिची जागा हुंगली, मग फाटक, मग ओढ्यापर्यंतची तिची वाट. रेकायचा, थांबायचा, कान टवकारून ऐकायचा. उत्तर आलं नाही की पुन्हा. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी तो गप्प झाला आणि मला वाटलं, सुटला बिचारा, विसरला. त्याच्यापुढचा कडबा तीन दिवस तसाच पडलेला होता, तो मी बघितलाच नाही. सातव्या दिवशी तोही गेला.

तो कशाने गेला हे मला पुढे, पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी करताना समजलं. ते तुला नीट सांगतो, कारण मोत्याचा जीव त्यावर अवलंबून आहे.

गाढवाचं अंग कोरड्या मुलखासाठी घडलेलं. थोड्याशा सुक्या चाऱ्यावर ते वर्षानुवर्षं काढतं, पण खाणं एकदम सुटलं तर त्याला सोसत नाही. शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडू लागतं, आणि एकदा ती सुटली की थांबत नाही. अशा जनावराचं रक्त नळीत घेऊन ठेवलं तर वर येणारं पाणी दुधाळ दिसतं. यकृतात चरबी भरते, मूत्रपिंडं थकतात. डॉक्टर याला हायपरलिपिमिया म्हणतात. लठ्ठ, म्हातारी आणि गाभण जनावरं यात लवकर सापडतात. काळीला दहावा महिना लागलाय म्हणालीस ना? गाढवीण साधारण बारा महिन्यांनी विते, म्हणजे शिंगराची भराभर वाढ व्हायचे दिवस हेच. तेव्हा तू मोत्याची काळजी करते आहेस ती बरोबरच आहे, पण मला काळीची जास्त वाटते. ती शांत आहे म्हणून तुझं लक्ष जात नसेल. गाढव दुखणं लपवतं. ते घोड्यासारखं अंग टाकून लोळणार नाही, नुसतं उभं राहील. म्हणून गाढवाचं दुःख डोळ्यांत शोधू नकोस, गव्हाणीत शोध.

आता त्या दिवसाचं.

बायजा आपोआप गेली किंवा डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला सोडवलं, दोन्ही वेळी दोघांना मोकळं ठेव. इंजेक्शनच्या वेळी ते काही हातांवर असले तरी चालेल, पण ती शांत झाली की दावी सोडून त्यांना जवळ येऊ दे. ते नाक लावतील, हुंगतील. मोत्या कदाचित तिच्या मानेचे केस दातांनी ओढेल, खुराने हलवून बघेल. ते बघताना तुला भरून येईल, पण त्याला मागे ओढू नकोस. ती उठत नाही हे तो स्वतः तपासतोय, आणि हे त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही. कुणी अर्ध्या तासात पाठ फिरवून चरायला लागतं, कुणी रात्रभर थांबतं. किती वेळ ते त्यांना ठरवू दे. ऊन असेल तर बायजाच्या अंगावर ओलं गोणपाट टाक, तोंड मात्र उघडं राहू दे. ते आपणहून दूर जाऊन चाऱ्याला लागले की मगच तिला उचला.

याला एकच अपवाद. धडधाकट जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं तर ती फाशी असू शकते, ज्याला काळपुळी म्हणतात. मग कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही, शव फाडायचं नाही, आधी डॉक्टरांना बोलवायचं. बायजाचं तसं नाही, ती वयाने चालली आहे. पण तू पुढे जनावरं पाळणार आहेस, म्हणून सांगून ठेवतो.

तिला उघड्यावर माळावर टाकायचं नाही. पूर्वी टाकायचे, गिधाडं येऊन दिवसात सगळं साफ करायची. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानेच ती गिधाडं मारली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. बायजाच्या अंगात आठवडाभराची औषधं आहेत, त्यात ते शेवटचं इंजेक्शन पडलं तर तिचं मांस कुत्र्यांनाही बाधेल. विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, माणूसभर खोल खड्डा घ्यायचा.

नंतरचे दोन-तीन आठवडे खरे कसोटीचे. दोघांची वैरण वेगवेगळी टाक, म्हणजे कुणी किती खाल्लं ते कळेल. लीद रोज बघ. कमी झाली, गोळ्या बारीक आणि कोरड्या झाल्या, वर शेंबडासारखं आवरण दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बघू उद्या म्हणू नकोस. खात नसतील तर हाताने भरव: कोवळं गवत, गाजर, बोरी-बाभळीचा पाला, पाण्यात कालवलेला गव्हाचा कोंडा. डॉक्टर नळीने ग्लुकोज आणि क्षार देतील, पण ते वेळेत बोलावलं तरच. आणि या दिवसांत नाल मारणं, जंतांचं औषध, जागा बदलणं, ओझं वाहायला नेणं, काहीही नवं काढू नकोस. रोजच्या वेळेला रोजचं दाणापाणी, एवढंच.

शेजारचे सांगतील, जेजुरीच्या गाढवांच्या बाजारातून एक दुवान, म्हणजे दोन दातांचं तरुण गाढव, घेऊन ये, विसरतील. तो बाजार भरतो ती पौष पौर्णिमा अजून लांब आहे हे बरंच आहे. गाढवाची जोडी म्हणजे एक खुंटा मोकळा झाला म्हणून दुसरं आणून बांधलं, असं नसतं. त्याला ठरावीक जनावर हवं असतं. तुझ्याकडे दोघं एकमेकांना आहेत, हे मोठं आहे. 2019 च्या पशुगणनेत देशभरात जेमतेम 1 लाख 20 हजार गाढवं उरली होती, आधीच्या गणनेपेक्षा 61 टक्के कमी. म्हणजे आता कितीतरी दारांत एकेकटंच गाढव उभं असणार. तसं एकटं उरलं तर सोबत आणावीच लागते. तरी नव्याला काही आठवडे कुंपणापलीकडे, दिसेल पण नाकाला नाक लागणार नाही असं ठेवायचं, कारण ग्लँडर्ससारखा रोग जनावरातून माणसालाही होतो.

नाथांनी रामेश्वरला न्यायचं कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ती गोष्ट तुझे आजोबा सांगायचे. ती ऐकताना दरवेळी माझ्या मनात येतं, त्या वाळवंटात ते एकटंच कसं होतं, त्याची जोडी कुठे राहिली? गेंद्यानंतर मला ही सवय लागली.

तू लिहिलंस, वर्गातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसतील, "गाढवासाठी रडतेस?" म्हणतील. मला सांग. तुझ्या आजोबांनंतर त्यांच्या हाताचा वास ओळखणारं त्या घरात बायजाच उरली होती. तुझं रडणं कमी कशाला करायचं? मोत्याच्या शेजारी बसून रड. तो हलणार नाही.

तोवर दर दोन-तीन तासांनी तिची कूस बदल, खाली पेंढा जाड टाक, ओठ ओले कर. मी बुधवारी सकाळच्या एसटीने येतो. खड्ड्याची जागा तेव्हा दोघं मिळून बघू. मोत्याला आज रात्री बांधू नकोस.

तुझा,
काका