मॅथ्स सोडण्याआधी

अमळनेर

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. अकरावी सायन्सला मॅथ्स सोडून जिऑग्राफी घेतली तर टक्के वाढतील, बायो आहेच म्हणजे मेडिकलची नीट परीक्षाही देता येईल, आणि खाली भीतभीत, "सर, असा विचार करणं चुकीचं आहे का?" चुकीचं काही नाही गं. इतकी वर्षं अकरावीला फिजिक्स शिकवलं, नुसत्या आवडीपोटी सायन्सला आलेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे हिशेब करूनच येतात. तुझे बाबाही कापूस लावायचा की मका, ते भाव बघूनच ठरवतात. फक्त हिशेब अर्धवट सोडू नकोस.

वाढलेले टक्के वापरणार कुठे? इंजिनिअरिंग आणि फार्मसीची मेरिट लागते राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर, एमबीबीएसची नीटवर. बारावीचे टक्के तिथे पात्रतेपुरते. पाहुण्यांना सांगायला मात्र बरे!

सीईटीत मॅथ्सचे 50 प्रश्न आणि 100 मार्क, म्हणजे एका गणिताला दोन. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, तेवढेच मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही. नीटला 720 पैकी 360 एकट्या बायोचे, म्हणून पोरांना वाटतं मॅथ्सचं काय काम? उरलेल्या 360 मध्ये 180 फिजिक्सचे आहेत, ते विसरतात.

एक विद्यार्थिनी होती, तुझ्यासारखीच हुशार. मॅथ्स सोडलेलं. लंबकाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. वीस आंदोलनं नीट मोजली, आलेखावरचे ठिपके एका रेषेत सुरेख आले. मग पट्टी रेषेवर तशीच धरून बसली. मी जवळ गेलो तर हळूच विचारते, "सर, स्लोप काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" पुढे नीटला बायोत छान मार्क आले, फिजिक्सनं खाली ओढलं. फार्मसीला गेली. पहिल्याच सेमिस्टरला तिचा फोन: "सर, इथंही रेमेडियल मॅथ्स आहे!" मॅथ्स न घेतलेल्यांना तो पेपर असतोच. हसू आलं मला, पण वाईटही वाटलं.

उलट बायोचं बघ. 2023 पासून बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून देऊनही नीटला बसता येतं. मॅथ्सकडे असं मागाहून वळलेलं पोर मी तरी पाहिलं नाही.

आता तू म्हणशील, मग फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स-बायो दोन्ही घेते. रोज एसटीनं ये-जा, वर क्लास, घरी आलं की स्वयंपाकाला हात. अभ्यासाला किती तास उरतात ते आधी कागदावर मांड. अकरावी आरामाची असंही समजू नको. सीईटीत साधारण 20 टक्के प्रश्न तिथलेच.

तुला मॅथ्स जमत नाही की नकोसं वाटतं, हे मला मेसेजवरून कळेना. दहावीचं गणित भाग 1 काढ. वर्गसमीकरणांच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातली दहा उदाहरणं उत्तर न बघता सोडव. सहा आली तर मॅथ्स ठेव, बायोचं नंतर बघू. दोन-तीनच आली तर जिऑग्राफीला माझी ना नाही.

रविवारी सकाळी घरीच आहे. बाबांनाही घेऊन ये, परवा बाजारात भेटले तेव्हा "आते काय करानं, सर?" म्हणत होते. वही आण, आणि चुकलेलं खोडून आणू नकोस, मला तेच बघायचंय.

तुझे सर